शोकेसमधला ताजमहाल : एक खानदेशी पाठचिकित्सा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड त्यांच्या नावावर आहेत, पण दिवाणखान्यातल्या शोकेसबद्दल त्यांत अवाक्षर नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

जळगाव ते धुळे ज्या ज्या घरी चहा मिळाला, त्या त्या घरच्या शोकेसचे आम्ही सूक्ष्म वाचन केले. मण्यांचा पोपट, लोकरीचा ससा, मान हलवणारी बाहुली हे प्रक्षिप्त भाग सोडले, तर मूळ संहिता एकच : ताजमहाल. त्याचे पाठभेद मात्र पुष्कळ. काचेच्या पेटीतला, पोटात लाल बल्ब असलेला, घुमटात घड्याळ बसवलेला. (घड्याळ बंद असणे हा सर्व प्रतींतला समान पाठ.)

जळगावच्या मावशींकडची प्रत आम्ही प्रमाण मानतो. ती मऊ दगडाची असून मे महिन्यातल्या उन्हांनी तुपाच्या रंगाची झाली आहे. चौथा मिनार एका भाच्याने मोडला. त्या जागी रेनॉल्ड्स पेनचे निळे टोपण फेविक्विकने उभे केले आहे, आणि ते इतर तिघांपेक्षा जास्त सरळ उभे आहे. आम्ही हात पुढे करताच मावशी म्हणाल्या, "हात नको लावू भो, आग्राना शे!"

आता पूर्वपक्ष. अशा वस्तूंना जर्मन लोक 'किच' म्हणतात. क्लेमेंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकाने १९३९ साली किचवर निबंध लिहून फिर्याद केली, ती थोडक्यात अशी : अनुभव उसना, भावना नकली. म्हणजे शहाजहानचे दुःख शहाजहानचे, आणि मावशींकडे आली ती त्याची दीडवितीची नक्कल.

याला आमचे उत्तर भूगोलाचे आहे. मुमताज वारली १६३१ साली, चौदाव्या बाळंतपणात, आणि ती आग्र्याला नव्हे, बुऱ्हाणपूरला. बुऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. अकबराने १६०१ मध्ये असिरगड घेतल्यावर खानदेश मोगली सुभा झाला. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केले होते. काही महिन्यांनी पार्थिव आग्र्याला हलवले. म्हणजे दुःख अस्सल खानदेशी. आग्र्याला बांधला तो त्या दुःखाचा मागाहून काढलेला संगमरवरी तर्जुमा, आणि तोही बादशहाने कारागिरांना मजुरी देऊन करवून घेतलेला. उसनवारीचा आरोप करायचाच, तर सुरुवात तिथून करावी लागेल. शोकेसमधल्या ताजमहालाने निदान परतीचा प्रवास तरी केला आहे. चार मिनारांपैकी एकाच्या जागी टोपण घेऊन का होईना, तो माहेरी आला.

हा सिद्धान्त आम्ही मावशींपुढे मांडला. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी बुऱ्हाणपुरावरूनच जाते, हा पुरावाही जोडला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि काकांकडे वळून विचारले, "मंग आग्रानं तिकीट कसाले काढं?"

काका बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, बुऱ्हाणपूरला आपण मावा जिलबी घेतली होती.