कॅमेरा-उपांग चिकित्सा : गृहस्थांसाठी संक्षिप्त मार्गदर्शिका

मुंबईच्या चोरबाजारातून किंवा काकांच्या माळ्यावरून घरी आलेली केबल रिलीज, सेल्फ टायमर, फ्लॅशगन, लाइट मीटर ही मंडळी बिघडलेलीच असतात. चालू असती तर काकांनी दिली नसती. त्यांच्या व्याधी वात, कफ, पित्त अशा तीनच प्रकारच्या. या व्याधींवर उपचार सुचवणे एवढाच प्रस्तुत मार्गदर्शिकेचा हेतू आहे. फोटो काढण्याशी तिचा संबंध नाही, याची नोंद घ्यावी.

पूर्वतयारी. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरावा. त्यावर पडलेला स्क्रू दिसतो आणि घरंगळत नाही. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली वडीलधाऱ्यांच्या हाती लागू देऊ नये. "थोडं तेल सोड, आपोआप सुटेल" हा सल्ला बिजागरीला लागू आहे. कॅमेऱ्यात सोडलेले तेल पसरत शटरच्या पात्यांवर जाते आणि पाती चिकटतात. वस्तू जपानी असल्यास स्क्रूड्रायव्हरही पारखून घ्यावा. जुन्या जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या स्टार स्क्रूड्रायव्हरशी नीट जुळत नाही. तो घसरतो, फुलीचा खड्डा होतो आणि स्क्रू तहहयात तिथेच राहतो.

वातविकार : केबल रिलीज. लक्षण : दांडी दाबली की दाबलेलीच राहते. शटर जाम झाले असे समजून कॅमेरा उघडायला घेऊ नये. आधी मुठीजवळची चकती किंवा बारीक स्क्रू पाहावा. 'बी'वर लांब एक्स्पोजर देताना दांडी दाबलेली राहावी म्हणून ते कुलूप मुळातच दिलेले असते. ते सैल करताच रोगी बरा होतो आणि श्रेय आपल्याला मिळते. कुलूप उघडे असूनही दांडी अडकत असेल तर केबलवरून बोटे फिरवावीत. कापडी वेष्टण उसवून आतले तारेचे वेटोळे जिथे डोकावते, तिथे ती दुमडलेली असते. अशी केबल बदलावी. जुनी मात्र फेकू नये. फेकणारा माणूस या छंदाकडे वळतच नाही.

कफविकार : सेल्फ टायमर. रिलीजच्या भोकात बसणारा, चावीवर चालणारा जर्मन ऑटोक्निप्स यात मोडतो. चावी दिली की करकरत निघतो आणि मध्येच बसकण मारतो. आतले ग्रीस सुकून घट्ट झालेले असते. ढकलून पुढे नेऊ नये, दाते मोडतात. लाइटरच्या पेट्रोलचा थेंब टाकून ग्रीस विरघळू द्यावे. खिडकी उघडी ठेवावी, देवघरातला दिवा मालवावा. दरम्यान, समोर हसत उभ्या असलेल्या कुटुंबीयांना बसण्याची परवानगी द्यावी.

पित्तविकार : फ्लॅशगन. कुणीतरी सेल आत विसरलेले असतात. अल्कलाइन सेल पाझरून पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड धरते. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून ती पुसावी, मग पट्टी कोरडी करावी. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे शरीर उघडू नये. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. हा नियम हसण्यावारी नेऊ नये.

असाध्य : सेलेनियमचा लाइट मीटर. याला सेल लागत नाही; प्रकाश पडला की हा स्वतःच वीज तयार करतो. त्यामुळे सेल घालायची जागा शोधत मागचे झाकण उचकटू नये. काचेवर तळहात ठेवावा. काटा शून्यावर न आल्यास छोट्या स्क्रूने शून्य जुळवावे. भर उन्हातही काटा हलत नसेल, तर सेलेनियम बहुधा दमले असे समजावे. मीटरवाचून अडत नाही : लख्ख उन्हात एफ १६ छिद्र आणि फिल्मच्या वेगाइतका शटर. १०० च्या फिल्मला १/१२५ चालतो.

उपचारोत्तर गुंतागुंत. क्वचित सगळे काही सुरू होते. मग घरातून विचारणा होते, "झालं ना दुरुस्त? मग काढा की फोटो!" फोटोसाठी रोल लागतो, रोलला पैसे लागतात, धुऊन देणारी लॅब शोधावी लागते आणि शेवटी फोटो कसा आला हे चारचौघांत दाखवावे लागते. अशा वेळी गडबडून न जाता ट्रायपॉड उभा करावा, तिसऱ्या पायाचा लॉक हळूच सैल करावा आणि चिंताग्रस्त चेहऱ्याने पुन्हा पांढरा टॉवेल मागावा.