खान्देशात सगळेच गुन्हेगार

आखाजी झाली की खान्देशातल्या कापूसवाल्याचे पाय राज्याबाहेर पडायला लागतात. रावेरचा बऱ्हाणपूर गाठतो, शिरपूरचा पळासनेर ओलांडून सेंधव्याला जातो. देवदर्शनाला नव्हे, कपाशीचं बी आणायला. तिकडे दुकानात उघड मांडलेलं पाकीट, त्याच कंपनीचं, त्याच वाणाचं, सीमेच्या अलीकडे आलं की कृषी खात्याच्या भरारी पथकाला ते संशयास्पद दिसू लागतं.

कारण काय, तर तारीख. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचा फडशा पाडला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात फर्मान निघतं. कधी १ जूनपूर्वी शेतकऱ्याला बी विकायचं नाही, तर कधी बी मेच्या मध्यावर विका पण जूनपूर्वी लावू देऊ नका. म्हणजे पाकीट घ्यायचं आणि देव्हाऱ्यात ठेवायचं.

कृषी केंद्राच्या काउंटरवरचा संवाद मे महिन्यात सगळीकडे सारखाच असतो.

"काय भो, बी आलं का?"

"एक तारखेला या, नाना."

"विहिरीला पाणी आता आहे. एक तारखेला राहील का?"

"मग तिकडून आणा. मी काही ऐकलं नाही."

अळीचं शास्त्र खोटं नाही. हंगामाआधी कपाशी लावली की अळीला लवकर खायला मिळतं आणि तिची साखळी तुटत नाही. एकाच्या शेतातली अळी दुसऱ्याच्या बांधावर जाते, हेही खरं. पण अळीला बांध कळत नाही तशी राज्याची सीमाही कळत नाही. सेंधव्याला मे महिन्यात उगवलेलं रोप तिला तितकंच गोड लागतं. शिवाय फर्मान निघूनही चोपडा-शिरपूर पट्ट्यात ठिबकवर बागायती कपाशी मे महिन्यात लागतेच. ती कृषी सहाय्यकाला दिसते, तलाठ्याला दिसते, रस्त्याने जाणाऱ्या आमदारालाही दिसते. कुणाला काही होत नाही. मग एखाद्या दिवशी एखाद्याच्या घरावर छापा पडतो. त्याच्याच का, हा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

या पाकिटाची किंमतसुद्धा दिल्लीत ठरते. २०१५ च्या कापूस बियाणे दर नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार दरवर्षी कमाल भाव जाहीर करतं. २०२४-२५ ला बीजी-२ च्या पाकिटाचा भाव ८६४ रुपये होता. हवं ते वाण त्या भावात मिळालं असेल तर त्या शेतकऱ्याचा सत्कार करायला हवा. बाकीच्यांनी वरचे पैसे मोजले, किंवा लिंकिंगमध्ये नको असलेली औषधाची बाटली घरी नेली. पावतीवर मात्र ८६४. कायदा पाळला गेला, सरकार खूश.

आता तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं बघा. तिला गावात कुणी 'एचटीबीटी' म्हणत नाही, 'चोर बीटी' म्हणतात. निंदणीला मजूर मिळेनात, मिळाले तर परवडेनात, म्हणून शेतकरी हे बी गुजरातकडून आणतो. या बियाण्याला भारतात परवानगी नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेने हे बी जाहीरपणे पेरलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखाचा दंड होता. गुन्हे दाखल झाले. पेरणी थांबली नाही, चोरून होत राहिली. चोरीच्या मालाला बिल नसतं, उगवण झाली नाही तर तक्रार करायला दारही नसतं. बंदीने बी बंद झालं नाही, फक्त भेसळवाल्याला मोकळं रान मिळालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, मग ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेतला कापूस बहुतांश याच तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याचा. म्हणजे टेक्सासच्या शेतकऱ्याने लावलेलं वाण तेव्हा गिरणीला शुल्कमाफ चाललं, तेच धरणगावच्या शेतकऱ्याने लावलं तर कायदा मोडतो. व्यापार खुला असावा, असं मानणारा मी. आयातीच्या नावाने मी बोंब मारणार नाही. पण खुला म्हणजे दोन्ही दारांनी. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा पिंपळनेरच्या बाजारात खुला व्यापार कुठे गेला होता? मे २०२४ मध्ये ती बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. गिऱ्हाइकाला स्वस्त हवं तेव्हा दार बंद, गिरणीला स्वस्त हवं तेव्हा दार उघडं. बाजार मुक्तच आहे, शेतकरी सोडून.

जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. त्यांनी एकाधिकार पाहिलाय. १९७१ चा कच्चा कापूस कायदा झाला, पुढच्या वर्षापासून योजना सुरू झाली, आणि महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारी केंद्राशिवाय कुणाला विकणं गुन्हा ठरला. केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडरची मर्जी, आणि चुकारे हप्त्याहप्त्याने. शेजारच्या मध्य प्रदेशात, गुजरातेत भाव जास्त असला की रात्री कापूस निघायचा. स्वतःच्या घामाचा कापूस, स्वतःची गाडी, आणि नाक्यावर तस्कर म्हणून उभं राहायचं. तीसेक वर्षं हे चाललं. या योजनेचं नाव शेतकऱ्याच्या संरक्षणाचं होतं. आजच्या फर्मानांचंही तेच आहे.

हे झालं हातांचं. आता जिभेकडे वळू.

जळगाव असो की धुळे, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट महिन्या-पंधरवड्याने येतेच: 'जिल्ह्यात ३७ (१) (३) कलम लागू'. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. वाचक पान उलटतो. एकदा थांबून वाचून बघा. शस्त्रं, दगड, स्फोटकं बाळगू नयेत, ठीक. पुढे येतं: जाहीर घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत, वाद्यं वाजवू नयेत, पुतळे किंवा प्रतिमा मिरवू नयेत, हावभाव करू नयेत, सोंगं आणू नयेत. पाच किंवा जास्त माणसांनी जमू नये. एका वेळी पंधरा दिवसांची मर्यादा कायद्यातच आहे, म्हणून पंधरा दिवस संपले की नवा आदेश निघतो. कधी सणाचं निमित्त, कधी परीक्षेचं, कधी 'विविध राजकीय पक्ष व संघटनांकडून आंदोलनाची शक्यता' हेच निमित्त. आंदोलनाची शक्यता म्हणून आंदोलनाला बंदी!

लग्नं, अंत्ययात्रा वगळलेल्या असतात, तेवढी मेहेरबानी. बाकी चहाच्या टपरीवर पाच जण उभे राहिले की जमाव झाला. भावासाठी कापूस रस्त्यावर ओतला, घोषणा दिल्या, की गुन्हा पक्का. वर्षभर सगळा जिल्हा हे कलम मोडतो आणि पोलीसही शांतपणे बघतात. हे सौजन्य नव्हे. सगळेच गुन्हेगार असले की कुणाला उचलायचं हे साहेबाच्या हातात राहतं. बियाण्याचं तेच, घोषणेचं तेच. कायदा पाळला जावा म्हणून केलेलाच नसतो, तो कपाटात ठेवायचा असतो.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. बेकायदा कृत्याच्या व्याख्येत एक प्रकार असा: प्रस्थापित कायद्याची आणि संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं, तिचा प्रचार करणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सरकार म्हणतं, हे फक्त कडव्या डाव्या संघटनांसाठी. असेल. पण अकोली जहांगीरला जे झालं त्याला अवज्ञेचा प्रचार नाही तर काय म्हणायचं? आणि १९३२ साली विनोबा आणि साने गुरुजी ज्या धुळ्याच्या तुरुंगात होते, तिथे ते पाहुणचाराला गेले नव्हते.

एकासाठी केलेला कायदा दुसऱ्याला लागतो, याचा पुरावा १९५० चाच आहे. मद्रास सरकारने डाव्यांच्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावर बंदी घातली, दिल्लीत संघाच्या 'ऑर्गनायझर'वर पूर्वतपासणी लादली. दोन्ही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हरवलं. सरकारने निकाल मानला का? राज्यघटनाच बदलली. १८ जून १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती. तिने भाषणस्वातंत्र्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्था' नावाचा अडसर घातला आणि त्याच कागदावर नववं परिशिष्ट जोडून जमिनीच्या कायद्यांना न्यायालयाची दारं बंद केली. तोवर सार्वत्रिक निवडणूकही झाली नव्हती, संसद हंगामी होती. पुढे १९७६ मध्ये, बियाण्याचा भाव ज्याच्या जोरावर बांधला जातो तो जीवनावश्यक वस्तू कायदाही त्याच परिशिष्टात जाऊन बसला. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष नेहरू. त्याच वर्षी त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी संघटनाही उभी केली होती. पंधरा वर्षांत खुर्ची बदलली. किसानपुत्र आंदोलनवाले १८ जून हा शेतकरी पारतंत्र्य दिवस म्हणून पाळतात. पत्रकारांनीही पाळायला हरकत नाही, दिवस त्यांचाही आहे.

हे असं बोलणारा पक्ष काढावा म्हणाल, तर तिथेही शपथ आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. १९८९ पासूनची ही गंमत. ज्याला समाजवाद नको त्याने आधी खोटं लिहून द्यायचं, मग लोकशाहीत भाग घ्यायचा. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. ही अट काढा म्हणून ते न्यायालयात गेले, राज्यसभेत गेल्यावर खासगी विधेयकही मांडलं. ते काही तरलं नाही. उदारमतवादाच्या गप्पा मारणाऱ्या बाकीच्या पक्षांनी तेव्हा कागदपत्रं चाळली.

आमच्या उजव्या मित्रांनी इथवर माना डोलावल्या असतील. त्यांनी जरा धुळ्याच्या बैलबाजारातही फिरून यावं. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल बंद आहे. म्हातारा बैल शेतकऱ्याची मालमत्ता आहे की सरकारची, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. आणि जनसुरक्षा विधेयकावर मोर्चा काढणाऱ्या डाव्या मित्रांनी सांगावं, कांद्याच्या साठ्यावर मर्यादा घाला म्हणून ते पुन्हा मोर्चा काढणार नाहीत ना? प्रत्येकाला आपल्या आवडीचं स्वातंत्र्य हवंय, शेजाऱ्याचं सरकारने बघून घ्यावं.

म्हणून वाचकहो, पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला दोनच प्रश्न विचारा. जीवनावश्यक वस्तू कायदा नवव्या परिशिष्टातून काढायला मत देणार का? आणि ३७ (१) (३) मधल्या घोषणा, गाणी आणि सोंगं यांच्यावरची बंदी रद्द करणार का? दोन्हींना 'हो' म्हणणारा भेटला तर त्याचं नाव या सदराच्या पत्त्यावर कळवा. आणि हे प्रश्न विचारायला चौघांपेक्षा जास्त जमू नका.