सातवा गठ्ठा

जळकोट तालुका १९९९ साली झाला. त्याआधी कागदासाठी उदगीर गाठावं लागायचं. तालुका झाला, कार्यालयं आली, खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांमागोमाग सुधारणाही यायला लागल्या. मृगाचा पाऊस चुकेल, पण सुधारणा चुकायची नाही.

मेच्या उकाड्यात अशाच एका कार्यालयात (नाव कशाला, सगळीच आपली आहेत) 'कार्यालयीन बदलाचे नियोजन' या विषयावर प्रशिक्षण झालं. व्याख्याते लातूरहून आलेले. त्यांनी कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा १९४७ सालचा सिद्धांत सांगितला: संस्था आधी वितळवायची, मग बदलायची, मग पुन्हा गोठवायची. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त प्रोजेक्टर. वितळण्याचा टप्पा चहाच्या आधीच पार पडला. गोठवायचं काय, असं विचारल्यावर थोरले भाऊसाहेब म्हणाले, "ते आमच्याकडं लागलं."

पुढची स्लाइड होती, 'कर्मचारी बदलाला विरोध करतात'. हे साफ खोटं. सरकारनं पाच दिवसांचा आठवडा लागू केला २९ फेब्रुवारी २०२० पासून. तो दिवस शनिवार होता. अंमलबजावणी त्याच दिवशी, शंभर टक्के. त्याच आदेशातलं सकाळी पावणेदहाचं कलम तेवढं टप्प्याटप्प्यानं चाललंय.

नावं बदलायलाही कुणाची ना नाही. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. त्यानंतरचा हा संवाद:

"तलाठी आप्पा हायत का?"

"तलाठी नाहीत मामा आता. ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं."

"बरं, ते हायत का?"

"तेबी नाहीत."

खरा बदल कसा असतो, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असं नाही. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. त्यांनी टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायला लावले: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडं पाठवायचे आणि नष्ट करायचे 'ड' कागद. ना सॉफ्टवेअर, ना सल्लागार. आपल्यापुढं काय पडलंय हे कारकुनाला कळावं आणि कुणाकडं जायचं हे माणसाला, एवढाच खटाटोप. आमच्या कार्यालयानं त्यात स्वतःची भर घातली. सातवा गठ्ठा, तपासणीला दाखवायचा. २०२५च्या शंभर दिवसांच्या मोहिमेत स्वच्छता हा मुद्दा होता, तेव्हा त्याला नवं लाल फडकंही मिळालं. आतले कागद जुनेच.

आता ई-ऑफिस आलंय. टिप्पणी संगणकावर लिहायची. साहेबांना स्क्रीनवर वाचवत नाही म्हणून प्रिंट काढायची, पेनानं दुरुस्त करून घ्यायची, स्कॅन करून परत चढवायची. आवक नोंदवही हातानंही लिहायची, सर्व्हर बसला तर असावी म्हणून. पूर्वी एक काम होतं, त्याची दोन झाली. दुसरं किती टक्के झालं याचा रोजचा अहवाल हे तिसरं. बाहेर उभ्या माणसाला मात्र झेरॉक्स तेवढ्याच लागतात. "सर्व्हर यायलंय का?" असं तो आता पावसाची चौकशी करावी तसं विचारतो.

शेवटी प्रश्नोत्तरं. मागच्या बाकावरचा एक नवा पोरगा उठला. "सर, पोर्टल बनवताना ते चालवणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?" व्याख्यात्यांनी प्रश्न फार चांगला असल्याचं सांगितलं आणि राष्ट्रगीताची सूचना केली.

अभिप्राय ऑनलाइन भरायचा होता, पण रेंज नव्हती. शिपायानं फॉर्मची झेरॉक्स आणली. सगळ्यांनी, न आलेल्या चौघांनीही, 'अत्यंत उपयुक्त' असं लिहिलं. फॉर्म कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचे यावर थोडा खल झाला. नवा पोरगा 'ड' म्हणाला. थोरल्या भाऊसाहेबांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि लाल फडकं सोडायला घेतलं.