फोन शेजाऱ्यांचा, रुबाब आमचा

लग्नपत्रिका असो की नोकरीचा अर्ज, आमच्या लहानपणी फोन नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ लिहिलेलं असे. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, रुबाब आमचा.

आमच्या गिरगावातल्या चाळीत हा शेजारी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे नाना. १९८०च्या दशकात फोनसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नाव नोंदवलं तेव्हा पाळण्यात असलेलं पोर दहावीला बसलं तरी फोनचा पत्ता नसे. नानांकडे मात्र तो होता. काळंकुळकुळीत धूड, वर नानींनी विणलेला क्रोशाचा रुमाल आणि डायलच्या भोकात इवलंसं कुलूप. हुक टकटकवून कुलपासकट नंबर लावायची विद्या चाळीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी आलेली असल्यामुळे ते कुलूप फक्त मोठ्यांसाठी होतं.

फोन आला की नाना गॅलरीत येऊन वर बघून ओरडत, “तिसरा मजला, शेवटची खोली! बार्शीचा ट्रंक!” आई पदराला हात पुसत धावे, तिच्यामागून मी आणि माझ्यामागून बार्शीशी काडीचाही संबंध नसलेले चारपाच जण. खासगी बोलायची सोयच नव्हती. बार्शीला ऐकू जाईल अशा आवाजात बोललं की ते ठाकुरद्वारलाही ऐकू जाई. ताईला बघून गेलेल्या स्थळाचा नकार आमच्याआधी नानींना कळला. निरोप सांगायला त्या वर आल्या त्या सांज्याची वाटी घेऊनच. आधी वाटी पुढे केली, मग निरोप सांगितला.

आता माझा भाचा मला सांगतो, “मामा, असा एकदम फोन काय करतोस? आधी मेसेज टाकत जा ना!” म्हणजे फोन करायची परवानगी मागायची आणि तीही फोनवरच. त्याच्या फोनला बारमाही मौनव्रत. चुकून वाजलाच, तर तारवाला दारात दिसल्यावर आमच्या आजीचा चेहरा जसा पडे, तसाच याचा पडतो. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, पण तिची दहशत तेवढी वारसाहक्काने पुढे आली.

अशा वेळी आमच्या वयाचे लोक सुस्कारा टाकून म्हणतात, “गेली हो ती माणुसकी!” पण हिशोब मांडायला बसलं तर त्या माणुसकीत निम्मा वाटा टेलिफोन खात्याचा निघतो. घरोघरी फोन असता तर नानांचा उंबरा आम्ही किती वेळा ओलांडला असता? रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात लागे, म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर अर्धी आळी जमे आणि गप्पा रंगत. ते स्नेहसंमेलन नव्हतं, ती काटकसर होती. पुढे १९९५ साली मोबाईल आला. तेव्हा आलेला कॉल उचलायलासुद्धा पैसे पडत. लगेच आमच्या पिढीने मिस्ड कॉलचं शास्त्र सिद्ध केलं. एक घंटी म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. तेव्हा फोन न उचलण्याचे संस्कार भाच्यावर कोणी केले, हा प्रश्न घरात न काढलेलाच बरा.

तरीही हिशोबात एक रक्कम शिल्लक राहते. टंचाईने आम्हाला मागायला लावलं, हे कबूल. पण नानांना उठायला कोणी लावलं होतं? भरल्या ताटावरून उठून, खरकटा हात वर धरून गॅलरीत येणं काही खात्याच्या नियमात बसत नव्हतं. “घरी नाहीत” म्हणून रिसीव्हर ठेवून दिला असता, तर बार्शीला काय कळणार होतं?

मग असं ताटावरून उठणारं आज कोण आहे? आमच्या सोसायटीत आहे, समोरच्या फ्लॅटमधली इंजिनिअर मुलगी. लिफ्टमध्ये ती कानात बोंडं घालून उभी असते. “जेवलीस का?” विचारलं तर पोलिसाने हटकल्यासारखी दचकते. पण नोव्हेंबर उजाडला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आमच्या इमारतीतल्या तमाम चेहऱ्यांची रांग तिच्याच दारात लागते. ऑफिसची मीटिंग म्यूट करून ती एकेकाला खिडकीच्या उजेडात बसवते. आधार कार्ड, ओटीपी, चष्मा काढणं, सगळं पार पडतं आणि मग सूचना सुरू होतात, “आजोबा, पापण्या मिटा. आता उघडा. तोंड नाही, पापण्या!”

परवा तळमजल्यावरचे काका तिच्यापुढे असे बसले होते. पापणी लवली की सरकारला आपण जिवंत असल्याचं पटतं, या कल्पनेनेच ते आधी खवळलेले. त्यात मोबाईल त्यांना हयात मानायला तयार होईना. शेवटी वैतागून म्हणाले, “आमच्या वेळी अशी थेरं नव्हती. तुमच्या पिढीत शेजारधर्म म्हणून काही उरलाच नाही बघ.”

“हो ना आजोबा,” ती म्हणाली. “आता जरा बोलू नका, चेहरा हलतोय.”