नुसतं बघायला

चीनमधल्या ग्वेलिन शहराच्या नशिबी वीस युआनची नोट आहे. पुढे शिंगपिंग गावापाशी ली नदी जशी दिसते, तशी ती या नोटेच्या पाठीवर छापली आहे. लोक नोट हातात धरून काठावर नेमकी तीच जागा शोधतात. चित्र जुळलं, फोटो निघाला, की सहल झाली. मागच्या गल्लीत काय आहे, हे विचारायला सवड कुणाला?

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला अशी नोट नाही. मुख्यमंत्री मिळाले, १९८५-८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर. गावाच्या नावाचा तिखट भातही मिळाला. निलंगा राईसची ताटली लोक उभ्याउभ्या संपवतात, पण ती संपवून कुणी निलंग्याची एसटी धरल्याचं ऐकिवात नाही.

तरीही तुम्ही आलातच, तर पहिला प्रश्न येतो, "कुणाकडं आलाव?" पाहुणा म्हणजे कुणाचा तरी जावई, व्याही, नाहीतर तहसीलीत काम असलेला माणूस. "देऊळ बघायला," म्हटलं की समोरचा जरा थांबतो. "नुस्तं बघायला?" मग मात्र स्वतः उठून नीलकंठेश्वरापर्यंत सोडायला येतो आणि वाटेत चहाही पाजतो. ग्वेलिनला ली नदीवर फिरवणाऱ्या नावेत हा चहा तिकिटात धरलेला नसणार.

नीलकंठेश्वर यादवकाळाच्या आसपासचं, हेमाडपंती म्हणतात त्या घाटणीचं. एका मंडपाला तीन गाभारे, म्हणून त्रिकूट. आत हरगौरीची मूर्ती आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी शतकानुशतकं उन्हात उभ्या आहेत आणि भक्तमंडळी त्यांच्याकडे न बघता प्रदक्षिणा उरकतात. देवाला वेळ द्यावा, हे बरोबरच. पण शिल्पकारालाही पाच मिनिटं द्यायला हरकत नव्हती.

औशाच्या वाटेला खरोशाची लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची. वेरूळला काळा बेसॉल्ट मिळाला, खरोशाच्या वाट्याला जांभा आला. जांभ्यात छिद्रं फार, म्हणून नाकडोळे लवकर झिजतात. नरसिंह, कार्तिकेय, शिवपार्वती, रावण सगळे आहेत, पण ओळख पटायला थोडं थांबावं लागतं. मला हे आवडतं. वेरूळला मूर्ती तुम्हाला गप्प करते. इथे तुम्हीच तिच्याशी बोलणं काढायचं.

राहिली नदी. तेरणा आणि मांजरा याच तालुक्याच्या अंगाखांद्यावरून जातात. १९५६ पर्यंत निलंगा बीदर जिल्ह्यात होता. मांजरा अजूनही महाराष्ट्रातून बीदरकडे सीमा न विचारता जाते. नावेतून फिरवण्याचं मात्र तिच्याकडून वचन घेऊ नये. २०१६च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तसं कोरड्या महिन्यांत ली नदीचंही पाणी उतरतं आणि नावांचा पल्ला कमी करतात. पण नोटेवरची नदी बाराही महिने भरलेली.

तेव्हा पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या पुढेमागे या. खरोशाला बॅटरी आणि प्यायचं पाणी सोबत ठेवा, आणि नीलकंठेश्वराला प्रदक्षिणा घालताना मान भिंतीकडे वळवा.