पाल्यासाठी लॅपटॉप: खरेदीची शास्त्रोक्त पद्धत

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅपचा शेवटचा राऊंड आटोपून फी भरली, की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढू नये. रात्री जेवताना आमटीत लिंबू पिळता पिळता "ग्रुपवर सगळे लॅपटॉपचंच बोलतायत" एवढं पुटपुटावं आणि गप्प बसावं. पुढचं आई बघते. वडील विचारतील, "कॉलेजात कॉम्प्युटर नाहीत का?" आहेत, आणि काही लॅबमध्ये त्यांवर १९९०च्या दशकातलं टर्बो सी++ निळ्या पडद्यासकट अजून नांदतंय. पण ही माहिती देऊ नये. एवढी वर्षं न बदलता चाललेल्या वस्तूबद्दल वडिलांना आदरच वाटतो.

त्यानंतर बजेट. वडील "चाळीसच्या आत" म्हणतात. हा आकडा कुठून आला ते विचारू नये. पाल्याच्या मनात साठ असतात, दुकानदाराच्या मनात पंचावन्न. व्यवहार पन्नासला येऊन टेकतो आणि तिघांनाही आपण फसलो असं वाटतं. सौदा रास्त झाल्याची खूण हीच.

आता सल्लागार मंडळ नेमावं. एका काकांचं मत असतं की आमच्या वेळी कुठे होते लॅपटॉप. हे मत निरुपद्रवी असल्याने आधी मांडू द्यावं. हिंजवडीला नोकरी करणारा शेजारचा दादा "मॅकच घे" सांगतो. त्याचा त्याला कंपनीने दिलेला असतो. मेकॅनिकलवाल्याने इथे नम्रपणे म्हणावं की दादा, सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. दादाला चहा द्यावा.

खरी अडचण मामांची. मामा म्हणतात, "आय-सेव्हन घ्या. पोराच्या करिअरचा प्रश्न आहे." पाचापेक्षा सात मोठा, हे मामांचं गणित चुकीचं नाही. फक्त प्रोसेसरच्या नावात खरा हिशेब पुढच्या आकड्यांत असतो. आय७-७५००यू हा २०१६चा, सातव्या पिढीचा, दोन कोअरचा. आय३-१२१५यू हा २०२२चा, बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. दोघांची शर्यत लावली तर मामांनी सुचवलेला बराच मागे राहतो. शिवाय विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १०चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुणी पुसून-पुसून चकचकीत केलेला 'आय-सेव्हन, एकदम कडक कंडिशन' निम्म्या भावात पुढे केला, तर आधी पिढी विचारावी. दुकानदार म्हणतो, "साहेब, पिढीचं काय घेऊन बसलात, मशीन बघा." पिढीच घेऊन बसावं.

मात्र रिफर्बिश्ड म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड आठव्या पिढीचे किंवा पुढचे असतील, तर त्यांचा कीबोर्ड आणि बिजागरी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा दणकट असते. पण ही गोष्ट घरात पटत नाही. "जुनंच घ्यायचं तर एवढा अभ्यास कशाला केला," असं आजी म्हणते आणि विषय संपतो.

एएमडीच्या बाबतीत अधिक सावध असावं, कारण तिथे नाव नवं ठेवून जन्मसाल जुनं ठेवण्याची सोय आहे. रायझन ५ ७५२०यू घ्या. सुरुवातीचा सात बघून माल ताजा वाटतो. पण कंपनीच्याच पद्धतीप्रमाणे त्या मालिकेत खरं वय तिसरा आकडा सांगतो: दोन म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ची रचना, आणि कोअर चार. शेजारचाच ७५३०यू घेतला तर झेन ३ आणि कोअर सहा. एका आकड्याचा फरक. दुकानात दोन्हींवर स्टिकर सारखंच, 'रायझन ५'. हे मामांना समजावून सांगण्याचा प्रयत्न करून बघावा. त्यांचा दुसरा फोन येईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची रॅम, आणि तिच्याबद्दल सल्लागार मंडळात कुणालाही काही म्हणायचं नसतं. आठ जीबी आज कशीबशी पुरते. त्यातली थोडी ग्राफिक्ससाठी आधीच कापलेली असते, तीनेक जीबी विंडोज उठतानाच खातं, उरलेल्यात क्रोमच्या टॅब आणि अँड्रॉइड स्टुडिओ यांची भांडणं. सोळा हवी. पण सोळाचं मॉडेल बजेटच्या बाहेर गेलं तर आठच घ्यावी, एका अटीवर: नंतर वाढवता आली पाहिजे. बऱ्याच पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. ती जन्मभर तेवढीच.

हे दुकानातच तपासता येतं. शोकेसमधला लॅपटॉप चालू करायला लावावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे बारीक अक्षरात किती स्लॉट भरलेत ते येतं. 'दोनपैकी एक' दिसलं तर चेहरा कोरा ठेवावा. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम डागलेली आहे, पुढच्या लॅपटॉपकडे वळावं. या क्षणी सेल्समन जो आतापर्यंत "हे मॉडेल इंजिनीअरिंगवाल्यांसाठीच येतं" सांगत होता, तो वडिलांना सोडून मुलाकडे बघायला लागतो. वडिलांना काहीच कळलेलं नसतं, पण पोरगं काहीतरी शिकलंय एवढं कळतं, आणि बजेट तिथल्या तिथे पाच हजारांनी सैल होतं.

एसएसडी ५१२ जीबी घ्यावी. घरी आल्यावर विंडोज ४७६ दाखवेल. कुणी चोरलेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. वडिलांना हे बिलाच्या दिवशी दाखवू नये.

आता ग्राफिक्स कार्ड. त्याच्यासाठी पाल्याने "प्रोजेक्टला लागतं" हे वाक्य पाठ केलेलं असतं. कोणता प्रोजेक्ट ते विचारलं की "बीईला" असं उत्तर येतं. प्रवेश एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, झालेला असतो. एफईला एम-वन असतं, मेकॅनिक्स असतं, केमिस्ट्री असते. ग्राफिक्स नावाचा विषयही असतो, पण तो पुष्कळ ठिकाणी अजून ड्राफ्टर आणि कागदाच्या शीटवर चालतो, आणि हॉस्टेलवर काचेखाली दिवा लावून जीटी, म्हणजे मित्राच्या शीटवरून ट्रेसिंग, मारायला आरटीएक्स कार्ड लागत नाही. सिव्हिलचं टू-डी ऑटोकॅड साध्या ग्राफिक्सवर व्यवस्थित चालतं. कॉम्प्युटरवाल्यांना मॉडेल ट्रेन करायचं असेल तर गूगल कोलॅबवर फुकटात काही तास जीपीयू मिळतो. मेकॅनिकलच्या टीईला मोठ्या असेंब्ल्या फिरवताना कार्ड असलं तर बरं, हे मान्य. बाकी खरं कारण व्हॅलोरंट आणि जीटीए. ते सरळ सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

गेमिंग लॅपटॉपला लागून आणखी काही गोष्टी येतात. वजन सव्वादोन किलोच्या पुढे, चार्जर अर्धी वीट, आणि बॅटरी दोन लेक्चर संपता संपता मान टाकते. वर्गातला चालू प्लग पॉइंट बहुधा शेवटच्या बाकामागे असतो. त्यामुळे गेमिंग लॅपटॉपवाला पोरगा आपोआप शेवटच्या बाकावर जातो.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस असावी. १३६६ बाय ७६८ अजून कुठे विकत असतील तर तिकडे फिरकू नये.

खरेदीचा मुहूर्त. गणपती, दसरा, दिवाळी या तिन्हींच्या ऑफर येतात आणि तिन्ही 'शेवटच्या' असतात. सवलत एका ठराविक बँकेच्या क्रेडिट कार्डावरच मिळते, आणि ते कार्ड घरात कुणाकडेही नसतं. मग नात्यागोत्यात शोध घ्यावा लागतो. मावशीच्या जावयाकडे निघतं. त्यांना सकाळीच फोन करून ठेवावा, कारण पेमेंटच्या वेळी ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो आणि ते दुपारचे झोपलेले असतात. पेमेंटचं पान उलटं घड्याळ दाखवतंय, आई मावशीला, मावशी मुलीला, मुलगी नवऱ्याला हलवतेय, आणि इकडून सगळे एका सुरात "आकडे सांगा, आकडे!" अशा वाचवलेल्या तीन हजारांची परतफेड पुढे प्रत्येक लग्नकार्यात "लॅपटॉप नीट चाललाय ना?" या प्रश्नाने होत राहते. 'नो कॉस्ट ईएमआय'लाही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेकदा असतोच; ते जावयांच्या स्टेटमेंटवर येतं, आणि ते बोलून दाखवण्याइतके जावई परके नसतात.

घरी आल्यावर हळदकुंकू लावावं, फक्त टचपॅड सोडून. खोका माळ्यावर ठेवावा. वॉरंटी ऑनसाइट आहे की नाही ते मात्र घेण्याआधीच बघावं. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी आणि कॉलेज तालुक्याला असेल, तर एसईच्या सबमिशनच्या आठवड्यात बिजागरी मोडते तेव्हा राइट-अप मित्राच्या लॅपटॉपवर टाइप करावे लागतात. मित्राचा लॅपटॉप आठ जीबीचा असतो.

चार वर्षांनी प्लेसमेंट झाली की कंपनी स्वतःचा लॅपटॉप देते आणि हा बाबांकडे जातो. बाबा त्यावर लाइटबिल भरतात, सातबारा काढतात. आरटीएक्स कार्डाचा पंखा तेव्हाही सुरू होतो आणि बाबा म्हणतात, "बघ, केवढा ताण येतो मशीनवर." तोवर धाकटी बारावीला पोचलेली असते. तिला आर्किटेक्चरला जायचं असतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड खरोखरच लागणार. बजेट चाळीसच्या आत.