भीड भिकेची बहीण: फी मागू इच्छिणाऱ्या आर्किटेक्टसाठी मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी आहे. १९७२च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. काम मात्र कोणीही करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. राखीव आहे ती पाटी, काम सर्वांना मोकळे. त्या पाटीखाली बसून पैसे कसे मागावेत, हे कोणत्याच कायद्यात नाही. म्हणून हा प्रपंच. लेखिका एका आर्किटेक्टची पत्नी आणि त्याच्याच ऑफिसची बिनपगारी हिशेबनीस आहे.

नियम पहिला. फीचा विषय चहा येण्याआधी काढावा. चहाबरोबर गाव विचारले जाते, गावावरून आडनाव निघते, आडनावावरून कोणाचा तरी साडू निघतो, आणि साडूच्या साडूकडे पैसे मागणे आपल्यात बसत नाही. आमच्याकडच्या आर्किटेक्टांची गाडी तर पोह्यांवरच अडते. "अहो, काय ठरलं फीचं?" असं विचारलं की उत्तर येतं, "माणसं चांगली आहेत गं." माणसं चांगलीच असतात. प्रश्न माणसांचा नव्हता.

नियम दुसरा. आकारणीची पद्धत विचारपूर्वक निवडावी. शास्त्रशुद्ध पद्धत टक्केवारीची: बांधकामाच्या खर्चावर ठरावीक टक्के. काउन्सिलचे दरपत्रकही याच पायावर उभे आहे. समजा घर ६० लाखांचे आणि फी ५ टक्के, तर ३ लाख झाले. आता मालकांना दिवाणखान्यात इटालियन मार्बल हवा आहे. आर्किटेक्ट तासभर बसून त्यांना कोटा समजावून सांगतो, मालकांचे ४ लाख वाचतात आणि आर्किटेक्टचे २० हजार जातात. म्हणजे सल्ला जितका चांगला तितके बिल लहान. मार्बलला मान डोलावणारा आर्किटेक्ट मात्र सुखात राहतो. हे गणित मी घरी कागदावर मांडून दाखवलं. "पण कोटाच चांगला दिसतो तिथे," असं म्हणून त्याच कागदाच्या मागे त्यांनी जिना काढला.

शिवाय खर्च किती झाला हे सांगणार कोण? मालकच. टक्केवारी ठरवताना घर 'साधंच' असते आणि वास्तुशांतीला पाहुण्यांना सांगताना त्याची किंमत दुप्पट होते. आर्किटेक्टने आकडा वास्तुशांतीच्या पंगतीत ऐकावा.

दुसरी पद्धत चौरस फुटांची. यात फूट कोणते, ते आधी लिहून घ्यावे. मालक कार्पेट मोजतात, आर्किटेक्ट बिल्टअप मोजतो, आणि गच्ची, पोर्च, जिना ही मधली अनाथ लेकरे. तिसरी पद्धत ठोक रकमेची; ती सोपी आहे, म्हणून मालक तीत घासाघीसही सोपी करतात.

नियम तिसरा. आरसीसीवाल्याची फी वेगळी, हे पहिल्याच पत्रात लिहावे. नाहीतर कॉलमची सळईसुद्धा आपल्याच खिशातून जाते.

नियम चौथा, सर्वांत महत्त्वाचा. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत: नेमणुकीच्या वेळी, प्राथमिक आराखड्याला, महापालिकेत नकाशा दाखल करताना, वर्किंग ड्रॉइंगला, बांधकाम चालू असताना आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी. बिल आधी, पीडीएफ नंतर. मालकाचा रस कामाबरोबर उतरत जातो. प्लॅन पास होईपर्यंत तो रोज फोन करतो, स्लॅब पडला की आठवड्याने, आणि रंग लागला की तो आपला फोन उचलत नाही. म्हणून शेवटचा हप्ता लहान ठेवावा. आमच्याकडे तो सर्वांत मोठा असतो, कारण "आत्ता त्यांना सिमेंटचे पैसे द्यायचेत." सिमेंटवाला उधार देत नाही, सेंट्रिंगवाला देत नाही, मग आर्किटेक्टच काय तो सावकार!

नियम पाचवा. कॅड फाइल देऊ नये. "फक्त बघायला हवी" असे म्हणून नेलेली फाइल शेजारच्या प्लॉटवर उभी राहते.

नियम सहावा. बदलांचे वेगळे पैसे घ्यावेत. पास झालेल्या नकाशात देवघर ईशान्येला सरकवणे हा केवळ धार्मिक विषय नाही. त्यात एक बाथरूम, दोन खिडक्या, ड्रेनेजची लाइन आणि एका माणसाचा रविवार सरकतो.

नियम सातवा. टाइल्सवाल्याकडून कमिशन घेऊ नये. १९८९च्या आचारनियमांत त्याला मनाई आहे. हा एक नियम आमच्याकडे न सांगता पाळला जातो. दिवाळीला दुकानातून आलेला काजूकतलीचा डबासुद्धा ह्यांनी परत पाठवला. काजूकतलीचा!

नियम आठवा. उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करून १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. आमच्यावर ही वेळ येण्यासाठी आधी नियम पहिला ते सहावा पाळले गेले पाहिजेत.

एक विनंती. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात दुपारी पंख्याशिवाय बसता येतं, जिन्यावर धाप लागत नाही आणि ओटा बाईच्या उंचीचा आहे, अशा वाचकांनी आपला शेवटचा हप्ता दिला होता का ते एकदा आठवून बघावं. राहिला असेल तर ह्यांना सांगू नका, "राहू दे हो" म्हणतील. थेट माझ्याकडे द्या.